अडीच मीटरचा पोळपाट

आमच्या कंपनीला दुर्बिणीचं काम मिळालं, तेव्हा नातेवाइकांत अशी बातमी पसरली की मी आता ग्रह बघते. नागपूरच्या मामींनी फोन करून मुलाच्या साडेसातीबद्दल विचारलं. मी म्हटलं, "मामी, मी मोटरी फिरवते. ग्रह दुसरे लोक बघतात." त्यांना ते पटलं नाही. "बाहेरच्यांना सांगत असशील, घरच्यांना नाही," म्हणाल्या आणि आठ महिने बोलल्या नाहीत. हे आठ महिने फार शांततेत गेले.

मी अठरा वर्षं एकाच कंपनीत आहे. जबलपूरच्या बाहेर एक मोठी पत्र्याची शेड, तिच्या एका कोपऱ्यात काचेची केबिन. आम्ही क्रेन आणि कन्व्हेयर चालवणारी कंट्रोल पॅनेलं बनवतो. जड वस्तूला कधी हलायचं, किती वेगानं जायचं आणि कुठे थांबायचं हे सांगणं, एवढंच माझं काम. क्रेन चार बोटं पुढे जाऊन थांबली तर खालचा माणूस शिवी देतो आणि काम पुढे चालू राहतं.

कंपनीचे मालक स्वभावानं भले आहेत, पण आयुष्यात कोणाला नाही म्हणालेले नाहीत. कोणीही काहीही मागितलं की ते "हो जाएगा" म्हणतात आणि मग वळून माझ्याकडे बघतात. डोंगरावर एक मोठी दुर्बीण उभी करणाऱ्या संस्थेचे लोक आले, आधीचा कंत्राटदार काम अर्धवट टाकून गेल्याचं त्यांनी सांगितलं आणि दुर्बीण वर-खाली कलवणारा अक्ष चालवून द्याल का, असं विचारलं. मालक म्हणाले, "हो जाएगा." मग वळले.

काम काय होतं ते सांगते. दुर्बिणीच्या पोटात अडीच मीटर रुंदीचा काचेचा आरसा असतो. आकाश सरकत राहतं, त्यामुळे एकाच ताऱ्याकडे बघत राहायचं तर दुर्बिणीनंही त्याच्या मागे सरकत राहायला हवं. हा वेग घड्याळातल्या तास काट्याच्या निम्मा. तेवढ्या वेगानं काही टन वजन कुठेही न अडखळता, न थरथरता न्यायचं. चूक किती चालेल? शे-दीडशे मीटर लांब उभ्या माणसाच्या डोक्यावरचा एक केस इथून जितका जाड दिसेल, तितकी. मी तो आकडा वाचला आणि केबिनमधून बाहेर येऊन आमच्या क्रेनकडे बघितलं. क्रेन तेव्हा एका लोखंडी पेटीला धडका देत होती.

दुर्बिणीचा लोखंडी सांगाडा, म्हणजे आरसा धरणारं मोठं गोल ताट आणि त्याचे दोन खांब, आमच्या शेडमध्ये आणून बसवला. खरा आरसा दुसरीकडे घासला जात होता आणि तो आमच्याकडे हलवून बघायला कोणी देणार नव्हतं, हे योग्यच होतं. पण ताट रिकामं ठेवून चाचणी करण्यात अर्थ नव्हता. आरशाच्याच वजनाचं, त्याच्याच जाडीचं काहीतरी हवं होतं. लोखंडाचं केलं तर तेवढ्या वजनात ते फार पातळ होई आणि भार चुकीच्या जागी पडे. काँक्रीटचा नमुना ओतून बघितला, तर उचलतानाच त्याचा एक तुकडा हायड्रा क्रेन चालवणाऱ्या भैयाच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. त्यानंतर भैयानं काँक्रीट उचलायला नकार दिला.

त्याच आठवड्यात अमरावतीहून पाहुणे आले. जबलपूरला पाहुणा आला की त्याला नर्मदेवरचे संगमरवरी खडक दाखवायला भेडाघाटला न्यावं लागतं. मी तिथे किती वेळा गेले असेन याचा हिशोब नाही. नावाडी कोणत्या खडकापाशी कोणता विनोद करणार हे मला पाठ आहे, आणि पाहुणे त्याला हसले की मीही हसते. या खेपेला आईही सोबत होती. आई शहरातल्या दीक्षितपुऱ्यात राहते, शाळेतून निवृत्त झाली आहे आणि भेडाघाटला फक्त संगमरवराच्या दुकानात भाव करायला येते. ती एका खलबत्त्यावरून दुकानदाराशी भांडत होती, तेवढ्यात मी समोरचा पोळपाट उचलला. पांढरा, गोल, हाताला चांगला जड. अगदी जाड काचेसारखा जड.

मी तो विकत घेतला. आईच्या घरी येऊन तराजूवर ठेवला, मग पाण्यानं काठोकाठ भरलेल्या बादलीत बुडवला आणि बाहेर सांडलेलं पाणी मोजलं. आई दारात उभी राहून बघत होती.

"पोळपाट बादलीत काहून बुडवून राहिली तू?"

"वजन बघून राहिली."

"वजन तराजूवर बघतात ना बाप्पा. इतकी शिकली, अन् अंगणात पाणी सांडून राहिली."

काचेपेक्षा तो दगड थोडाच जड निघाला. जाडी जराशी कमी केली की झालं. दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं की आपण अडीच मीटरचा पोळपाट बनवू. त्यांनी हातातला चहा आधी पूर्ण संपवला. मग म्हणाले, "हो जाएगा." यावेळी वळून मी त्यांच्याकडे बघितलं.

तो पोळपाट घडवणारा भेडाघाटचा कारागीर साठीचा असेल. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या धुळीनं माखलेला, तोंडात तंबाखू. मी ड्रॉइंग उलगडलं. एवढा मोठा अखंड दगड मिळणार नव्हता, म्हणून मी गोलाचे सहा सारखे तुकडे केले होते. त्यानं कागद दोनदा फिरवून बघितला.

"दीदी, इसमें भगवान कौन से बनेंगे?"

"कोई नहीं."

"तो फिर काम क्या है इसका?"

"वजन."

तो दुखावला. मला ते अपेक्षित नव्हतं. चाळीस वर्षं नंदी आणि देव्या घडवलेल्या माणसाकडे येऊन कोणी वजन मागत होतं. मी घाईनं म्हटलं की मापात एक मिलिमीटरचीही चूक चालणार नाही. तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"मूर्ति में तो थोड़ा इधर-उधर चल जाता है," तो म्हणाला. "भक्त पैर पकड़ता है, नाक नहीं नापता." आणि त्यानं ड्रॉइंग घडी करून खिशात ठेवलं.

महिन्याभरात सहा तुकडे आले. मी एकेक मापला. चूक शोधायला मला आवडतं, पण सापडली नाही. भैयानं ते हायड्रानं उचलून ताटात बसवले, खाली रबर, बाजूंनी पट्ट्या. लगेच कोणीतरी हळद-कुंकू आणलं आणि मालकांनी थेट दगडावरच नारळ फोडला. पाणी रबरात गेलं. पुढचा अर्धा तास मी ताटाखाली पालथी पडून देवाचं पाणी फडक्यानं टिपत होते आणि मनात जे काही म्हणत होते ते पूजेला शोभणारं नव्हतं.

आता संस्थेच्या तज्ज्ञांबद्दल. काम तपासायला ते पुण्याहून यायचे. पन्नाशीचे, इस्त्रीचा सदरा, खिशात दोन पेनं. दगड येण्याआधीच्या पहिल्या भेटीत मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना आनंद झाला. तो फार टिकला नाही.

"सध्या मी मोटरचं ट्यूनिंग करून राहिली आहे," मी म्हटलं.

"करते आहे," ते म्हणाले.

"नाही, मीच करून राहिली आहे. दुसरं कोणी नाही."

त्यानंतर ते माझ्याशी इंग्रजीतच बोलू लागले. त्या भेटीत त्यांनी अक्षाकडे कमी आणि त्यामागे लोंबणाऱ्या केबल्सकडे जास्त बघितलं. मोटरच्या, ब्रेकच्या, कोन मोजणाऱ्या एन्कोडरच्या अशा पंधरा-वीस केबल्स खांबावरून खाली सैल पडल्या होत्या. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. "अशा अव्यवस्थेत अचूक काम होत नाही." मालकांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू केबल्स मी घरून आणल्या होत्या.

दुसऱ्या भेटीच्या आदल्या दिवशी मी सगळ्या केबल्स एकत्र घेतल्या, सरळ केल्या आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी वीत-वीत अंतरावर करकचून बांधल्या. वेणीसारखा सुंदर जुडगा झाला. मी त्याचा फोटोही काढला.

तज्ज्ञ आले, त्यांनी जुडग्याकडे बघून मान हलवली आणि चाचणी सुरू झाली. तोवर मी छोट्या-छोट्या तुकड्यांत अक्ष चालवून बघितला होता. आज पहिल्यांदाच तो जवळजवळ सरळ वरून खाली तीस अंशांपर्यंत सलग येणार होता. त्या वेगानं याला तीन तासांहून जास्त लागतात. मालकांनी दोन मित्रांना बोलावलं होतं. ते खुर्च्या टाकून बसले. दहा मिनिटांनी एकानं विचारलं, "चालू कब होगा?" मी म्हटलं, चालू आहे. अर्ध्या तासानं त्यानं पुन्हा विचारलं आणि मग ते दोघं चहाला गेले ते आलेच नाहीत.

पावणेदोन तास आलेख सरळ रेषेत चालला होता. मी मनातल्या मनात शेखी मिरवायला सुरुवातही केली होती. बावन्न अंशांवर रेष फुगली, मग खाली कोसळली आणि पुन्हा सरळ झाली. चूक परवानगीच्या दहापट. पुन्हा चालवलं. पुन्हा बावन्न अंशांवर तोच झटका.

तज्ज्ञ ताटापाशी गेले आणि त्यांनी दगडावर बोट आपटलं. "हे सहा सुटे तुकडे आहेत. कलताना एका कोनात ते एकमेकांवर सरकतात. मी आधीच लिहिलं होतं, संगमरवर हे अभियांत्रिकी साहित्य नाही. हे काढा. लोखंड आणि शिसं मिळून नीट भार बनवा." त्याला तीन महिने लागले असते. मालक म्हणाले, "हो जाएगा."

वाईट हे की मलाही ते खरं वाटलं. आठवडाभर मी कंट्रोलरमधले आकडे बदलत राहिले, झटका जागचा हलला नाही, आणि मग मीही दगडाला दोष देऊ लागले. दगडाची बाजू घेणारं शेडमध्ये कोणी नव्हतं, त्यामुळे ते सोपं होतं. शनिवारी मी भेडाघाटला गेले आणि कारागिराला सांगितलं की तुझे दगड सरकतात.

त्यानं छिन्नी खाली ठेवली. "किसने देखा?"

"देखा किसी ने नहीं. मशीन बता रही है."

"मशीन से पूछो, किसने देखा."

सोमवारी सकाळी तो बसनं शेडवर आला. आधी त्यानं सहाही दगडांवर हात फिरवला. मग खिशातून तंबाखूच्या चुन्याची डबी काढली, बोटावर चुना घेतला आणि दोन दगडांच्या सांध्यावर आडवा, पातळ फासला. असे सहाही सांधे. "सूखने दो," तो म्हणाला. "पत्थर बाल बराबर भी खिसका, तो चूना फट जाएगा." जुन्या भिंतीची भेग वाढते आहे का हे तो असंच बघतो म्हणे. मी अठरा वर्षं इंजिनीयर, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

चुना वाळला आणि मी अक्ष चालवला. कारागीर स्टुलावर बसून राहिला. शेडमध्ये आलेल्या माणसांपैकी सबंध वेळ न कंटाळता बघत बसलेला तो एकटाच. बावन्न अंशांवर झटका आला. अक्ष खाली पोचल्यावर आम्ही दोघं टॉर्च घेऊन वाकलो. सहाही पट्टे जसेच्या तसे. एकावरही भेग नव्हती.

तो काही जिंकल्यासारखं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं फक्त डबी खिशात ठेवली आणि विचारलं, "बस कितने बजे है?" मी त्याला कंपनीच्या गाडीनं घरी पाठवलं.

आता दोष द्यायला लोखंड, बेअरिंग, एन्कोडर आणि मी, एवढेच उरलो. पहिल्या तिघांना तपासण्यात दोन दिवस गेले. बेअरिंगमधलं ग्रीस काढून नवीन भरलं. एन्कोडर उघडून पुसला. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले होते आणि मी खांबामागे जमिनीवर बसले होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. अक्ष चालूच होता. पडद्यावर त्रेपन्न अंश दिसत होते. टेकायला काही नव्हतं म्हणून मी केबल्सच्या त्या सुंदर जुडग्यावर हात ठेवला.

जुडगा काठीसारखा ताठ होता. हाताखाली तो अगदी हळू वर ओढला जात होता. मग त्याचा एक कंगोरा, म्हणजे पट्टीची गाठ, एका लोखंडी कोपऱ्याला टेकली आणि अडली. अक्ष पुढे जात राहिला, जुडगा ताणला जात राहिला. मग हातात टक् झालं. गाठ सुटून पुढे सरकली. मी मान वळवून पडदा बघितला. बावन्न.

मी तिथेच बसून मोठ्यानं हसले. मग हसू ओसरलं आणि फार लाज वाटली. तज्ज्ञांना बरं दिसावं म्हणून मी स्वतःच्या हातानं बांधलेल्या गाठीपायी एका माणसाला दोन तास बसनं यायला लावलं होतं, त्याच्या दगडाची चौकशी करायला. मी कातर आणली आणि एकेक पट्टी कापली. केबल्स पुन्हा पहिल्यासारख्या लोंबू लागल्या. दुसऱ्या दिवशी वरपासून खालपर्यंत सलग चाचणी घेतली. बावन्न अंश आले आणि गेले. रेष सरळ.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, ये लिखना ज़रूरी है क्या? लिख दीजिए, सुधार किया गया." मी म्हटलं, डोंगरावर कोणीतरी पुन्हा हौसेनं केबल्स बांधेल आणि पुन्हा हेच होईल. मी सगळं लिहिलं, कोणी बांधल्या त्यासकट. मग कारागिराला फोन केला आणि माफी मागितली. तो म्हणाला, "कोई बात नहीं दीदी, तार तो तार है." मला त्याचा अर्थ अजून लागलेला नाही, पण त्यानं राग धरला नव्हता एवढं कळलं.

तज्ज्ञांना फोन करताना मी मराठीतच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी शिक्षेची वाट बघत होते.

"पहिल्याच भेटीत मी म्हटलं होतं," ते म्हणाले, "केबल्सकडे लक्ष द्या."

मी रिसीव्हरवर हात ठेवून छताकडे बघितलं आणि "हो सर" म्हटलं.

ते अंतिम चाचणीला आले, तेव्हा मी कारागिरालाही बोलावलं. तीन तास आलेख सरळ चालला. तज्ज्ञांनी सही केली. अहवालात संगमरवराला त्यांनी "नैसर्गिक खनिजाचा पर्यायी भार" म्हटलं, त्यामुळे ते अभियांत्रिकी साहित्य झालं असावं. निघण्याआधी ते कारागिराला बाजूला घेऊन गेले आणि मोडक्या हिंदीत घरासाठी एका गणपतीबद्दल विचारू लागले. ड्रॉइंग पाठवतो म्हणाले. कारागीर हात जोडून म्हणाला, "साहब, गणपति का ड्रॉइंग नहीं होता. आप घर की दीवार नाप के बता दो."

सांगाडा सुटा करून ट्रकवर चढला आणि डोंगराकडे गेला. त्यानंतर मला कोणी काही कळवलं नाही. आरसा बसला की नाही, अक्ष चालला की नाही, काहीच नाही. आमच्याकडे एका सिमेंट कारखान्याच्या कन्व्हेयरचं काम आलं आणि तो रोज नव्या कारणानं बंद पडू लागला. दुर्बीण चालली नसती तर ओरडा आला असता, अशी मी मनाची समजूत घालत होते, पण रोज सकाळी मेलमध्ये आधी संस्थेचं नाव शोधायचे.

जवळजवळ वर्ष होत आलं तेव्हा एका सकाळी डोंगरावरच्या एका अनोळखी तंत्रज्ञ बाईंची मेल आली. त्यांना एका सुट्या भागाचा क्रमांक हवा होता. शेवटी एक ओळ होती: अक्ष फार छान चालतो, आम्ही त्याच्याकडे बघतच नाही. मी ती ओळ तीनदा वाचली. क्रमांक पाठवला. मग गाडी काढून शहरातल्या विजय नगरला गेले, खोव्याची गरम जिलबी बांधून घेतली आणि शेडवर परत आले.

मालक कन्व्हेयरपाशी कपाळाला हात लावून उभे होते. मी पुडा पुढे केला.

"किस खुशी में?"

"अक्ष नीट चालून राहिला म्हणे," मी म्हटलं. आनंदाच्या भरात मराठीतच बोलून गेले.

"कौन सा अक्ष?" त्यांनी विचारलं आणि जिलबी तोंडात टाकली. त्यांनी अर्धी चावली, थांबले, डोळे मोठे केले. "अच्छा, वो!" म्हणाले, आणि दुसरी उचलली.